लाइम रोग : मज्जासंस्थेवरील आघात आणि त्यावरील उपचार

रोगाला आपल्या गावाचे नाव मिळावे, हे कोणत्याही गावाच्या दृष्टीने भूषणावह नव्हे. तरीही वैद्यकाच्या इतिहासात असे वारंवार घडले आहे. कर्नाटकातील शिवमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाचे जंगल आहे. १९५७ साली तेथे आढळलेल्या तापाने हे नाव जगभर पोहोचविले. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील लाइम हे छोटेसे गावही असेच एका रोगामुळे प्रसिद्धीस आले. या नावाचा लिंबाशी काहीही संबंध नाही. या दोन्ही रोगांमध्ये एक साम्य मात्र आहे. दोन्ही रोग गोचिडीच्या दंशातून माणसाला जडतात.

लाइम रोगाने त्वचा, सांधे, हृदय आणि मज्जासंस्था अशा शरीराच्या अनेक भागांना बाधा होऊ शकते. त्यांपैकी मेंदू, मज्जारज्जू आणि त्यांतून निघणाऱ्या नसा यांची बाधा रुग्णाला व त्याच्या कुटुंबीयांना सर्वाधिक भयभीत करते. हा जंतुजन्य रोग असून योग्य औषधाने तो बरा होतो, ही यातील दिलासा देणारी बाब होय. हे औषध कोणते, ते किती दिवस द्यावे आणि कोठे थांबावे, याचा शोध कसा लागत गेला, त्याचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे.

एका गावातील संधिवात

१९७५ साली लाइम परिसरातील दोन मातांनी एक विलक्षण गोष्ट आरोग्य अधिकाऱ्यांच्या नजरेस आणून दिली. आसपासच्या अनेक मुलांचे सांधे एकाएकी सुजत होते आणि डॉक्टर त्याला मुलांचा संधिवात म्हणत होते. हा संधिवात तसा विरळ. मग तो एकाच परिसरात इतक्या मुलांना कसा व्हावा, असा या मातांचा प्रश्न होता. त्यांपैकी पॉली मरे यांनी आपल्या घरातील आणि शेजारच्या आजाऱ्यांच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या होत्या.

येल विद्यापीठातील डॉ. अ‍ॅलन स्टीअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या तक्रारीचा पाठपुरावा केला. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात ३९ मुले आणि १२ प्रौढ अशा ५१ रुग्णांची नोंद आहे. बहुतेकांचा आजार उन्हाळ्यात वा त्यानंतर लगेच सुरू झाला होता. रुग्ण झाडीच्या कडेने जाणाऱ्या मोजक्या रस्त्यांवर एकवटलेले होते. सुमारे एकचतुर्थांश रुग्णांना सांधे सुजण्यापूर्वी अंगावर उठलेला लाल चट्टा आठवत होता. या साऱ्यावरून रोगाचा प्रसार एखाद्या चावणाऱ्या जीवामार्फत होत असावा, असे अनुमान निघाले.

१९८१ साली माँटाना राज्यातील रॉकी माउंटन प्रयोगशाळेत डॉ. विली बर्गडॉर्फर हे न्यूयॉर्क राज्यातील शेल्टर बेटावरून आलेल्या गोचिडी तपासत होते. ते शोधत होते वेगळाच जंतू. परंतु गोचिडीच्या आतड्यात त्यांना मळसूत्रासारखे पीळदार जंतू दिसले. हेच लाइम रोगाचे कारण असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि १९८४ साली त्या जंतूला ‘बोरेलिया बर्गडॉर्फेरी’ हे नाव देण्यात आले.

युरोपातील जुन्या नोंदी

नाव अमेरिकन असले, तरी हा रोग युरोपला पूर्वीपासून परिचित होता. स्वीडनमधील त्वचारोगतज्ज्ञ आर्व्हिड अफझेलिअस यांनी १९०९ साली गोचीड चावल्यानंतर हळूहळू पसरत जाणाऱ्या लाल चट्ट्याचे वर्णन केले होते. फ्रान्समध्ये गारँ आणि ब्युजादू या डॉक्टरांनी १९२२ साली गोचिडीच्या दंशानंतर असह्य वेदना व स्नायूंची दुर्बलता आलेल्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. जर्मनीतील आल्फ्रेड बानवार्थ यांनी १९४१ साली नसांच्या मुळांतील तीव्र वेदना, चेहऱ्याचा पक्षाघात आणि मेंदूच्या आवरणांचा दाह एकत्र आढळणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले. या लक्षणसमूहाला आजही त्यांचे नाव आहे.

त्वचेच्या डॉक्टरांनी चट्टा पाहिला, मज्जासंस्थेच्या डॉक्टरांनी पक्षाघात पाहिला आणि अमेरिकेत सांधे पाहिले गेले. या तिन्हींमागे एकाच कुळातील जंतू आहेत, हे १९८० च्या दशकात स्पष्ट झाले. युरोपात या जंतूच्या एकाहून अधिक जाती आढळतात. त्यांपैकी मज्जासंस्थेला विशेषेकरून बाधा करणाऱ्या जातीला गारँ यांच्या नावावरून ‘बोरेलिया गारिनी’ असे म्हणतात.

गोचिडीपासून मज्जारज्जूपर्यंत

हा जंतू वस्तुतः रानातील उंदरांसारख्या लहान प्राण्यांत राहतो. गोचीड आपल्या सुमारे दोन वर्षांच्या आयुष्यात तीन वेळा रक्त पिते आणि बहुधा लहान असताना बाधित उंदराकडून जंतू घेते. मोठ्या गोचिडी हरणांवर पोसल्या जातात. अमेरिकेच्या ईशान्य भागात एकोणिसाव्या शतकानंतर पडीक राहिलेल्या शेतांवर पुन्हा रान वाढले, हरणे परतली आणि पुढे त्याच रानाच्या कडेने वसाहती उभ्या राहिल्या. माणूस, हरीण आणि उंदीर यांचे असे शेजार या रोगाच्या वाढीस कारणीभूत ठरले.

माणसाला बाधा करणारी गोचीड बहुधा खसखशीच्या दाण्याएवढी असते. तिच्या दंशाची वेदना होत नसल्याने ती ध्यानात येत नाही. अमेरिकेतील गोचिडीपासून जंतू शरीरात शिरण्यास ती साधारणपणे एक दिवसाहून अधिक काळ चिकटून राहावी लागते. म्हणून ती लवकर काढून टाकणे, हा मोठाच बचाव ठरतो.

दंशानंतर ३ ते ३० दिवसांत बहुसंख्य रुग्णांच्या त्वचेवर वाढत जाणारा लाल चट्टा उठतो. याच वेळी औषध मिळाले, तर रोग सहसा तेथेच थांबतो. चट्टा पाठीवर किंवा केसांत असल्यास तो कोणाला दिसत नाही आणि मग जंतू रक्तावाटे पुढे जातात. उपचार न मिळालेल्या रुग्णांपैकी साधारण १० ते १५ टक्के रुग्णांत काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मज्जासंस्थेची लक्षणे दिसू लागतात.

ही लक्षणे मुख्यतः तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार चेहऱ्याच्या पक्षाघाताचा. आपल्याकडे ज्याला ‘तोंडावरून वारे गेले’ असे म्हणतात, तसे तोंड वाकडे होते आणि डोळा मिटत नाही. या रोगात कधी कधी चेहऱ्याच्या दोन्ही बाजू लुळ्या पडतात. दुसरा प्रकार मेंदूच्या आवरणांच्या दाहाचा. त्यात डोके दुखते, मान आखडते व प्रकाश सहन होत नाही. तिसरा प्रकार नसांच्या मुळांच्या दाहाचा असतो. पाठ, छाती अथवा हातपाय यांत जळजळणारी वेदना उठते. ती रात्री वाढते आणि झोप येऊ देत नाही. प्रत्यक्ष मेंदूच्या वा मज्जारज्जूच्या पेशीजालाचा दाह मात्र क्वचित होतो. तसे झाल्यास चालण्यात अडखळणे, लघवीवरील ताबा जाणे अशी गंभीर लक्षणे उद्भवतात.

निदानाची कसोटी

उपचाराची दिशा निदानावर अवलंबून असते. रुग्ण रोगाच्या प्रदेशात राहिला होता काय, त्याला गोचीड चावली होती काय, चट्टा उठला होता काय, या प्रश्नांपासून तपासणीला प्रारंभ होतो. त्यानंतर रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी दोन टप्प्यांत केली जाते. रोगाच्या पहिल्या काही आठवड्यांत प्रतिपिंडे पुरेशी तयार झालेली नसतात. त्यामुळे प्रारंभी तपासणी निर्दोष आली, तरी ती पुन्हा करावी लागते.

मेंदू व मज्जारज्जू यांची बाधा निश्चित करण्यासाठी कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून पाठीच्या कण्यातील द्रव काढतात. या द्रवात पांढऱ्या पेशींची संख्या वाढलेली आढळते. लाइमच्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे रक्ताच्या तुलनेत या द्रवात अधिक असल्यास, ती मज्जासंस्थेतच तयार होत आहेत, असा निष्कर्ष निघतो. ही तपासणी भीतिदायक वाटली, तरी अनुभवी हातांनी केली असता सुरक्षित असते.

रक्तात प्रतिपिंडे आढळणे म्हणजे आज रोग असणे नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तात ती वर्षानुवर्षे राहू शकतात. म्हणून औषधाचा गुण आला की नाही, हे ठरविण्यासाठी रक्ताची तपासणी पुनःपुन्हा करण्यात अर्थ नसतो.

पेनिसिलीनची कामगिरी

जंतू सापडल्यानंतर उपचाराला निश्चित दिशा मिळाली. त्यापूर्वी अमेरिकेत अशा रुग्णांना दाह कमी करण्यासाठी स्टिरॉइड औषधे दिली जात. डॉ. स्टीअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली मज्जासंस्थेची बाधा झालेल्या १२ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. या रुग्णांना दररोज २ कोटी युनिट पेनिसिलीन शिरेवाटे १० दिवस देण्यात आले होते. डोकेदुखी, मानेचा ताठरपणा व नसांतील वेदना बहुधा दुसऱ्याच दिवसापासून ओसरू लागल्या आणि ७ ते १० दिवसांत बऱ्याच अंशी नाहीशा झाल्या. स्नायूंची शक्ती परत येण्यास मात्र ७ ते ८ आठवडे लागले.

या निरीक्षणातून उपचाराचे एक मूलभूत तत्त्व स्पष्ट होते. औषध जंतूंना मारते. दुखावलेल्या नसा दुरुस्त करण्याचे काम शरीराला स्वतःच, सावकाशीने करावे लागते. औषधाचा क्रम संपल्यावरही तोंड वाकडे राहिले, म्हणून औषध निष्फळ ठरले असे मानणे योग्य नव्हे.

येथे वाचकांना असा प्रश्न पडेल की, पेनिसिलीनची मात्रा एवढी मोठी का? मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये निसर्गाने एक सूक्ष्म तटबंदी घातलेली आहे. रक्तातील अनेक पदार्थ ती ओलांडू शकत नाहीत. पेनिसिलीनचा अल्पसा अंशच पलीकडे जातो आणि तेही शरीरातून लवकर बाहेर पडते. त्यामुळे मोठी मात्रा दर चार तासांनी शिरेवाटे द्यावी लागते. सेफ्ट्रायाक्झोन हे औषध दाह झालेल्या आवरणांतून चांगले पोहोचते व शरीरात अधिक काळ टिकते. त्यामुळे ते दिवसातून एकदाच देता येते. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून त्याचा वापर वाढत गेला.

इंजेक्शन की गोळ्या?

मज्जासंस्थेच्या रोगाला इंजेक्शनच हवे, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. डॉक्सीसायक्लिन हे साधे, स्वस्त औषध तोंडाने घेतले तरी मेंदूच्या द्रवात पोहोचते, असा युरोपातील डॉक्टरांचा अनुभव होता. त्याची रीतसर परीक्षा दक्षिण नॉर्वेतील रुग्णालयांत झाली. ११८ रुग्णांपैकी काहींना दररोज २०० मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या, तर इतरांना दररोज २ ग्रॅम सेफ्ट्रायाक्झोन शिरेवाटे, असे १४ दिवस देण्यात आले. कोणते औषध कोणाला, हे रुग्णांना वा तपासणाऱ्या डॉक्टरांना कळू दिले नव्हते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार गोळ्या इंजेक्शनच्या तुलनेत कमी ठरल्या नाहीत. रुग्णालयात खाट अडवून राहण्याऐवजी घरी राहून उपचार घेणे त्यामुळे शक्य झाले.

अमेरिकेतील तज्ज्ञ संघटनांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेचे सार असे आहे : चेहऱ्याचा पक्षाघात, आवरणांचा दाह किंवा नसांच्या मुळांचा दाह असल्यास शिरेवाटे सेफ्ट्रायाक्झोन, सेफोटॅक्झिम वा पेनिसिलीन, अथवा तोंडाने डॉक्सीसायक्लिन, यांपैकी एक औषध १४ ते २१ दिवस द्यावे. प्रत्यक्ष मेंदूच्या वा मज्जारज्जूच्या पेशीजालाला बाधा झाली असल्यास शिरेवाटे औषध २ ते ४ आठवडे द्यावे. मुलांची मात्रा वजनानुसार ठरते. गरोदर स्त्रियांना सामान्यतः डॉक्सीसायक्लिन टाळून अन्य औषध दिले जाते. यांपैकी कोणता पर्याय कोणासाठी, हा निर्णय सर्वस्वी डॉक्टरांचा आहे, हे वेगळे सांगणे नको.

उपचार सुरू असताना

औषध सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी काही रुग्णांना थंडी वाजून ताप येतो व अंग दुखते. मरणाऱ्या जंतूंमुळे शरीरात उमटणारी ही प्रतिक्रिया असून ती सहसा एक दिवसात शमते. अशा वेळी घाबरून औषध सोडू नये. मात्र डॉक्टरांना कळवावे.

डॉक्सीसायक्लिनची गोळी भरपूर पाण्याबरोबर बसून घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये. अन्यथा अन्ननलिकेला इजा होते. लोहाच्या वा कॅल्शियमच्या गोळ्या आणि आम्लपित्तावरील औषधे तिच्याबरोबर घेऊ नयेत. या औषधाने त्वचा उन्हाला हळवी होते, म्हणून कडक ऊन टाळावे.

डोळा मिटत नसलेल्या रुग्णाची वेगळी काळजी घ्यावी लागते. उघड्या राहिलेल्या डोळ्याचे बुबुळ कोरडे पडून त्यावर जखम होऊ शकते. दिवसा डॉक्टरांनी दिलेले थेंब आणि रात्री डोळ्यावर आच्छादन, ही काळजी औषधाइतकीच मोलाची आहे. अन्य कारणांनी होणाऱ्या चेहऱ्याच्या पक्षाघातात स्टिरॉइड औषधे उपयोगी पडतात. लाइम रोगात त्यांचा लाभ सिद्ध झालेला नाही. म्हणून पक्षाघाताचे कारण आधी निश्चित करणे अगत्याचे ठरते.

अधिक औषध म्हणजे अधिक गुण काय?

या रोगाच्या उपचारातील सर्वांत नाजूक प्रश्न येथून पुढे सुरू होतो. योग्य उपचार पूर्ण झाल्यावरही काही रुग्णांना थकवा, अंगदुखी आणि लक्ष एकाग्र न होणे, असा त्रास महिनोन्‌महिने होत राहतो. हा त्रास खरा असतो. त्याला ‘मनाचे खेळ’ म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे आहे. दुसरीकडे, शरीरात जंतू लपून बसले आहेत असे गृहीत धरून अशा रुग्णांना महिनोन्‌महिने प्रतिजैविके देणारेही अनेक निघाले.

शास्त्रज्ञांनी हा प्रश्न प्रयोगाने सोडविण्याचा प्रयत्न केला. २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांना ३० दिवस सेफ्ट्रायाक्झोन व त्यानंतर ६० दिवस डॉक्सीसायक्लिन देण्यात आले. तुलनेसाठी इतरांना औषधी गुण नसलेले द्रव्य दिले गेले. दोन्ही गटांच्या प्रकृतीत फरक आढळला नाही. नेदरलँड्समध्ये २८० रुग्णांवर झालेल्या व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोन आठवड्यांच्या सेफ्ट्रायाक्झोननंतर आणखी १२ आठवडे प्रतिजैविके दिल्याने कोणताही जादा लाभ दिसला नाही. मज्जासंस्थेची बाधा असलेल्या रुग्णांना दोन आठवड्यांऐवजी सहा आठवडे डॉक्सीसायक्लिन दिल्याने अधिक गुण येत नाही, असे नॉर्वेतील २०२२ च्या अभ्यासाने दाखविले.

दीर्घ उपचार केवळ निरुपयोगी असता, तर गोष्ट वेगळी होती. परंतु तो अपायकारकही ठरतो. शिरेत दीर्घकाळ ठेवलेल्या नळीतून रक्तात जंतुसंसर्ग होतो, सेफ्ट्रायाक्झोनमुळे पित्ताशयात खडे होऊ शकतात आणि आतड्यातील उपयुक्त जंतू मारले जाऊन गंभीर अतिसार जडतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१७ साली अशा उपचारांतून गंभीर जंतुसंसर्ग झालेल्या पाच रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतील काही दगावले. ज्या वेदनेतून सुटका व्हावी म्हणून उपचार घ्यावा, त्यानेच जीव जावा, यापेक्षा दुर्दैव ते कोणते?

तात्पर्य, त्रास उरलेल्या रुग्णाला वाऱ्यावर सोडू नये आणि औषधांच्या भडिमारातही लोटू नये. त्याची पुन्हा तपासणी व्हावी, अन्य आजार नाही याची खात्री करावी. वेदना, झोप आणि स्नायूंचे बळ यांसाठी पूरक उपचार द्यावेत. अनेकांची प्रकृती कालांतराने हळूहळू सुधारते.

आपल्या दृष्टीने महत्त्व

महाराष्ट्रात लाइम रोग हा सार्वत्रिक स्वरूपाचा आजार नाही. परंतु न्यू जर्सी, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स या अमेरिकेतील राज्यांत हजारो मराठी कुटुंबे राहतात आणि त्यांचे आईवडील उन्हाळ्यात तिकडे जाऊन राहतात. नेमका तोच गोचिडींचा हंगाम असतो. तेथून परतलेल्या माणसाच्या तोंडावरून वारे गेले, तर डॉक्टरांना प्रवासाची माहिती आवर्जून द्यावी. या एका वाक्याने निदानाची दिशा बदलू शकते.

आपल्या सह्याद्रीच्या रानातील गोचिडीही निरुपद्रवी नाहीत. क्यासनूर जंगलाचा ताप २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग परिसरात आढळला. लोक त्याला ‘माकडताप’ म्हणतात. त्यातही काही रुग्णांच्या मज्जासंस्थेला बाधा होते. मात्र तो विषाणूजन्य असल्याने लाइम रोगावरील प्रतिजैविके त्यावर चालत नाहीत. म्हणून गोचीड चावल्यानंतर ताप आल्यास मनानेच गोळ्या घेऊ नयेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. रानात मेलेले माकड आढळल्यास त्याला हात न लावता आरोग्य अथवा वन कर्मचाऱ्यांना कळवावे.

काजूच्या बागेत, रानात वा गवतात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. घरी परतल्यावर आंघोळ करून काखा, जांघा, गुडघ्यामागची जागा व केस तपासावेत. चिकटलेली गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. तिच्यावर रॉकेल ओतू नये, तिला चटका देऊ नये, बोटांनी चिरडू नये. नंतर ती जागा व हात साबणाने धुवावेत. अमेरिकेतील रोगग्रस्त प्रदेशात गोचीड ३६ तासांहून अधिक काळ चिकटलेली असल्यास, ती काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टर डॉक्सीसायक्लिनची एकच प्रतिबंधक मात्रा देऊ शकतात.

लाइमच्या मातांनी नोंदी ठेवल्या, म्हणून एका रोगाचा छडा लागला. सामान्य नागरिकाची चौकस नजर, वेळीच झालेले निदान, योग्य औषधाची पुरेशी मुदत आणि ती पूर्ण झाल्यावर थांबण्याचा विवेक, या चार गोष्टींवर या रोगाचा उपचार उभा आहे. यांतील पहिली गोष्ट तर प्रत्येकाच्याच हातची आहे.